खाली मोकळं आहे

मी, श्रीमती मधुमती पद्माकर केळशीकर, वय एकोणऐंशी, राहणार इंग्लंडात सफकच्या किनाऱ्यावरच्या या गावात, दलदलीकडचा शेवटचा बंगला, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. कानांनी कमी ऐकू येतं, ते बरेचदा मला ऐकायचं नसतं म्हणून. हा कागद मी राजीखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. उठले तर उत्तम, नाही उठले तर मागे भांडणं नकोत. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते वकिलाने लिहिलं होतं आणि त्यात माझं एकही वाक्य नव्हतं.

१. माझे सर्व दागिने माझी सून कस्तुरी हिला द्यावेत, मोहनमाळेसकट. ती सगळ्यांना सांगत असते, "आईंना मी आवडत नाही." अगं बाई, मला तुझी आमटी आवडत नाही. तू आवडतेस.

२. माझ्या यजमानांची, म्हणजे पद्माकरांची हत्यारं शेजारच्या साराला द्यावीत. ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, पण आपलं कुंपण अजून स्वतः दुरुस्त करते. आमचे चिरंजीव अपूर्व यांच्याकडे वॉटफर्डला बल्ब बदलायलासुद्धा माणूस येतो.

३. बँकेतली शिल्लक नात चैत्राली हिच्या शिक्षणासाठी आहे. गावच्या स्मारक कमिटीला छदाम देऊ नये. त्यांच्या दगडावर कोरलंय की युद्धात इथे कोसळलेलं अमेरिकन विमान शत्रूच्या माऱ्याने पडलं. साफ खोटं आहे. तीनदा जाऊन सांगितलं, तर मला चहा पाजून वाटेला लावलं.

४. घर. पद्माकर गेल्यापासून हे अर्धं माझं आणि अर्धं अपूर्वचं आहे. माझा हिस्सा अपूर्वला मिळावा, पण एका अटीवर. मागच्या बागेत, प्लमच्या झाडाजवळ, कुदळ लागता कामा नये. अट मोडली तर माझा हिस्सा चैत्रालीकडे जावा.

का, ते फोनवर सांगायला लागलं की अपूर्व म्हणतो, "आई, प्लीज, पुन्हा ते नको." म्हणून इथे लिहिते. इथे मला मध्येच तोडता येणार नाही.

युद्धात इथे जवळच अमेरिकन बॉम्बर विमानांचा तळ होता. ती विमानं थव्याने उडत, एकाच्या खाली एक, अगदी दाटीवाटीने, म्हणजे शत्रूला मध्ये शिरायला फट मिळू नये. एकदा परतीच्या वाटेवर वरच्या विमानात दोन बॉम्ब अडकून राहिले. समुद्रावर टाकायचे ते तिथे हलेनात. तसेच घेऊन उतरावं तर आपलाच घात. निदान ही दलदल रिकामी असते म्हणून इथे ढकलायचं ठरलं. ढकलले, आणि खाली त्यांचंच एक विमान होतं. एक बॉम्ब त्याच्या पंखावर फुटला. विमान माणसांसकट पलीकडच्या शेतात कोसळलं. दुसरा बॉम्ब आमच्या बागेत आला. सारा तेव्हा लहान होती, कुंपणावर बसून विमानं बघत होती. "दोन पडले, मधुमती. आवाज एकाचाच झाला," हे ती आजही सांगते. चौकशीला आलेले साहेब दोन्ही फुटले म्हणून मोकळे झाले. पोरीचं कोण ऐकतो!

ते बॉम्ब लाथेने मोकळे करणारा वॉल्टर म्हातारपणी दर वर्षी अमेरिकेहून इथे यायचा. पितृपक्षात घायाळ चतुर्दशीला, शस्त्राने गेलेल्यांच्या तिथीला, पद्माकर त्या विमानातल्या माणसांसाठी प्लमखाली पान ठेवत. "त्यांचं इथे कोण आहे?" म्हणायचे. एका वर्षी वॉल्टर त्याच दिवशी आला. पान कोणासाठी आहे ते विचारलं, आम्ही सांगितलं. मग म्हणाला, "मी खाली बघितलं होतं, मॅडम. मोकळं होतं, म्हणून लाथ मारली. तेवढ्यात ते आमच्याखाली सरकले." मी काही रडणारी बाई नव्हे, पण त्या दिवशी पदर डोळ्यांना लावला.

प्लमजवळची जमीन दर हिवाळ्यात खचते. पद्माकर ढकलगाडीने माती आणून टाकत, पुन्हा खचे. आता झाडही तिकडेच कललं आहे.

आणि नेमक्या त्याच जागी अपूर्वला दोन खोल्या बांधायच्या आहेत. कशासाठी? वॉटफर्ड सोडून माझ्याजवळ राहायला यायचंय म्हणून. अरे, रोज देवापुढे मी दुसरं काय मागते? पण मी नको म्हटलं आणि सगळ्यांनी अर्थ काढला की सासूला सून नको. कस्तुरी दोन महिने बोलली नाही. ते मला फार लागलं.

मग अपूर्वने जमिनीतले बॉम्ब शोधणारा माणूस आणला. तो यंत्र घेऊन बागभर फिरला आणि रिपोर्ट देऊन गेला. "क्लिअर आहे, आई. एकदम क्लिअर!" वॉल्टरलासुद्धा खाली मोकळंच दिसलं होतं. ते यंत्र वरवरचं बघतं, हे त्याच माणसाने मला फाटकाशी सांगितलं. दलदलीतला पाया मात्र खांब ठोकून ठोकून खूप खोल न्यावा लागतो. काल सारा सांगत आली की बागेत खुंट्या मारून दोऱ्या बांधल्या आहेत. मी सोमवारी ऑपरेशनच्या टेबलावर असताना ठोकायचं यंत्र येणार. मला सरप्राइज म्हणे.

५. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. तोवर इथे वाचायला कोणी उरायचं नाही. म्हणून सह्या झाल्याबरोबर साराने हा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या दोरीला लटकवावा. अपूर्व, तुला मराठी वाचायला वेळ लागतो, लागू दे. पुढच्या अंगणात बांध. माझी खोली पाड. माझ्या डोक्यावर माडी चढव. पण या रे, तुम्ही सगळे राहायला या.

६. माझी रक्षा समुद्रात सोडावी. बागेत माझ्यासाठीसुद्धा खणू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांना समजावून सांगितला आणि त्यांच्यादेखत सही केली.

मधुमती पद्माकर केळशीकर

साक्षीदार: १. सारा, शेजारीण. २. मनीषा, घरी तपासायला येणारी नर्स. (कस्तुरीची सही चालत नाही, दागिने तिला जातात म्हणून. नाहीतर तिचीच घेतली असती.)

स्थळ: घरचं स्वयंपाकघर. शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५.

ता. क. सहीखाली लिहिलेलं कायदा धरत नाही म्हणे. न धरू दे. साराची सही वाकडी आली आहे. तिचा हात थरथरतो असं कोणी समजू नये, टेबल हलतंय. यंत्र सोमवारी यायचं होतं, ते मागच्या गल्लीने आजच आणलंय. अपूर्व बागेत उभा आहे, माझ्याकडे बघून हसतोय, अंगठा दाखवतोय. मनीषा त्याला हाका मारत धावली आहे, पण त्या आवाजात त्याला ऐकू जात नाही. मी खुर्ची घेऊन प्लमखाली बसायला चालले.