सात मारुती आणि अकरा भोकांचे बूट

मुक्काम बीड, वैशाख शुद्ध सप्तमी, फसली १३३०

राजमान्य राजेश्री मोहनराव यांस, त्यांच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचे बसल्या जागेवरून आशीर्वाद. (उभे राहून दिले असते, पण सध्या उभे राहणे आमच्या नित्यकर्मातून वगळले आहे. कारण पुढे येईल.) हैदराबादेच्या पाण्याने उठलेली तुमची पोटदुखी शमली असेल अशी आशा आहे, नसल्यास कळवावे, सुंठ पाठवतो. येथे घोट्याच्या वर सर्वांचे क्षेम आहे.

घोट्याच्या खालचा मजकूर असा. गेल्या दिवाळीत तुम्ही जे विलायती बूट मायेने पाठवलेत, ते बुधवारी प्रथमच पायात घातले. बुधवारी सकाळी तलवाड्याहून भगवानराव देशपांड्यांचा निरोप आला. त्यांच्या चिरंजीवांशी आपल्या सत्यभामेची पत्रिका जुळली होती. पण माजलगावच्या एका मुलीचीही जुळली. माजलगावकर त्याच संध्याकाळी नारळ घेऊन येणार, तेव्हा दिवेलागणीच्या आत आलात तर बोलणी तुमच्याशी, नाहीतर त्यांच्याशी. असे स्थळ पुन्हा येत नाही, हे तुमच्या बहिणीने मला चार वेळा सांगितले. (मला पहिल्याच वेळी कळले होते.) तलवाडा इथून बारा कोस. बैलगाडीने निघालो असतो तर थेट बारशाला पोचलो असतो, माजलगावकरांच्या नातवाच्या. म्हणून आमच्या शाळेतले फारशीचे मुनशी रहीमुद्दीनसाहेब यांची सायकल मागून आणली. (मला सायकल येते. चढणे येते, चालवणे येते. उतरणे अजून अभ्यासात आहे.)

आता प्रश्न पायांचा. वहाणा घालून अंगणात एक फेरी मारली, तर डावी वहाण निसटून पडली आणि शेजारच्या कुत्र्याने ती आपलीच समजून नेली. मग चढाव जोडा घातला. त्याची चोच पुढच्या चाकाच्या तारांत गेली आणि मी तुळशीवृंदावनाला आलिंगन दिले. तुमच्या भगिनी ओसरीवरून म्हणाल्या, "खडावा राहिल्यात. त्याही बघून घ्या, म्हणजे मन शांत होईल." सायकलीबरोबर आलेले मुनशीजी मात्र गंभीरपणे म्हणाले, "पंडितजी, बूट पहनो. लंबा रस्ता है, तलवा मजबूत होना." पटले. माळ्यावरून तुमचे बूट काढले. उजव्यात मांजर व्यायली होती, ती पिल्ले डाव्यात हलवली. मग डावाही लागणार हे ध्यानात आले. (जोडा ही वस्तू द्विवचनी आहे, हे वीस वर्षे द्विवचन शिकवूनही ऐन वेळी सुचले नाही.) शेवटी पिल्ले माझ्या पगडीत ठेवली, उपरणे डोक्याला गुंडाळले आणि भर दुपारी बारा वाजता निघालो.

पहिला कोस, खरे सांगतो, सुखाचा गेला. पाय घसरेना, तळवा दुखेना. चालत्या सायकलीवर मी तुम्हाला तोंडभर आशीर्वाद दिले. ते परत घेण्याची वेळ पहिल्याच वेशीत आली. शहरात राहून तुम्ही विसरला असाल, पण आपल्या मुलुखात गाव म्हटले की वेस आणि वेस म्हटली की मारुती. पायात कातडे ठेवून त्याच्यापुढून कोणी जात नाही. वहाण असती तर झटकली असती. तुमच्या बुटांना प्रत्येकी अकरा भोके आहेत. चालत्या सायकलीवरूनच हात जोडले तर चालेल, असा शास्त्रार्थ मी मनात लावत होतो (दोन्ही सोडता येत नाहीत, म्हणून एकच हात), तोच पारावरची एक म्हातारी कडाडली, "ओ म्हाराज, कावून व्हो? कातडं पायात ठिवूनच व्हय? तुमीच आसं केल्यावर आमी कुनाकडं बघावं?" उतरलो. म्हणजे पडलो. बावीस भोकांतून नाड्या काढल्या, नमस्कार केला, बावीस भोकांतून पुन्हा ओवल्या. म्हातारी सगळे बघत होती. म्हणाली, "आमी म्हशीला बी एवढं बांधत न्हाई."

तलवाड्याची धरून अशा सात वेशी आहेत, मोहनराव. चौथ्या मारुतीपाशी ऊन कलले आणि नाडीला गाठ बसली. इतका घट्ट समास मी उभ्या आयुष्यात सोडवलेला नाही. शेतातून परतणारा शहादेव नावाचा एक गडी थांबला. "लई घाई दिसती. चालवू का इळा?" लेकीच्या सोयरिकीला निघालोय म्हटल्यावर त्याने विचारले, "मंग हे कावून घातलं?" मी तुमचे नाव सांगितले. त्याने विळ्याने नाड्या कापल्या, एका तुकड्याने बूट एकमेकांना बांधून माझ्या गळ्यात घातले आणि सायकल मागून ढकलून दिली. पुढचे तीन मारुती अनवाणी झाले, पायडलच्या लोखंडी दातांवर. एक मात्र खरे, आता उतरायचे कारणच उरले नव्हते. घंटी वाजवायची, मान लववायची, पुढे.

तलवाड्यात पोचलो तेव्हा सूर्य वीतभर उरला होता. माजलगावकर मांडीवर नारळ घेऊन ओट्यावर बसलेले. मी (उतरणे अभ्यासात असल्यामुळे) भगवानरावांच्या कडब्याच्या गंजीत थेट दाखल झालो. भगवानरावांनी माझे सोललेले पाय पाहिले, गळ्यातले बूट पाहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "जवळ असून पायात घातले नाहीत! साती मारुती अनवाणी! शास्त्रीबुवा, लेकीसाठी एवढा कडक नेम?" मी हो म्हणालो नाही. नाही म्हणायला तोंड उघडले होते, पण त्यात कडबा होता. आणि कडब्यावरच त्यांनी साखर घातली. माजलगावकरांनी नारळ उचलला. लग्न ज्येष्ठात.

एकूण अनुभव असा, की लांबच्या वाटेला तुमच्या बुटांइतके गैरसोयीचे दुसरे पादत्राण त्रिभुवनात नाही. असले काही पुन्हा पाठवू नये. सत्यभामा तुम्हाला नमस्कार सांगते. पगडी अजून पिल्लांकडेच आहे.

तुमचा अनवाणी,
नरहरशास्त्री

ता. क. साखर खाऊन झाल्यावर जावईबापूंनी माझे बूट उचलून उलटसुलट पाहिले. लग्नात हुबेहूब असेच हवेत, नाहीतर मांडवात रुसून बसणार, असा निरोप काल आला. तेव्हा वरचे खोडले असे समजून एक जोड ताबडतोब पाठवावा. मापाचा दोरा सोबत आहे.

दुसरा ता. क. जावईबापूही सायकल शिकताहेत. सासुरवाडीला आठवड्यातून दोनदा येत जाईन म्हणतात. वाटेत मारुती तर सातच आहेत. म्हणून बूट घेताना अकरावर समाधान मानू नये. दुकानात सर्वांत जास्त भोकांचे असतील ते पाहावेत.