यंदा चारच खतावण्या

शनिवार, ६ मार्च १९३७

चारच! सोमा शिपायाने बँकेची चिठ्ठी आणून दिली तेव्हा वाटलं, आकड्याआधीचा एक घालायचा राहिला असेल. गेल्या मार्चला चौदा खतावण्या बांधून दिल्या होत्या, त्याच्या आदल्या साली बारा. सोमाला विचारलं, लिहिताना चूक तर नाही ना झाली? तो म्हणाला, साहेबांनी दोनदा वाचून सही केली.

बँक निघाली तेव्हापासून तिच्या वह्या मीच बांधतो. तिचे सहा शेअरही आहेत माझ्याकडे. म्हणजे एका परीने मी माझ्याच वह्या बांधतो!

पण चौदाच्या चार का?

रविवार, ७ मार्च

रात्रभर तेच डोक्यात. आता सकाळी लिहून बघतो म्हणजे सुटेल. खातेदार वाढले की पानं जास्त लागतात. पानं जास्त तर वह्या जास्त. म्हणजे वह्या कमी तर—

लोक पैसे काढून घेताहेत. दुसरा अर्थ काय निघतो? मला तरी निघत नाही.

आणि बँकेच्या फळ्यावर काल खडूने लिहिलेला भाव अठ्ठावन्न! पन्नासचा शेअर अठ्ठावन्नला. शेवटचा सौदा ज्या भावाने होतो तो फळ्यावर लिहितात. फळ्याला वह्यांचं काय माहीत?

बुधवार, १० मार्च

आज दुकानात खडाजंगी. माझ्याकडे पेपर येतो म्हणून रंगनाथराव वकील आणि खलीलशेठ रोज सकाळी येऊन बसतात. दोघेही बँकेचे भागीदार. पेपर मी विकत घ्यायचा, राजकारण त्यांनी करायचं!

रंगनाथरावांचं म्हणणं, निवडणूक काँग्रेसने जिंकलीच आहे, आता मंत्रिमंडळही तीच करणार, व्यापाराला उठाव येणार, शेअर सत्तरला जाणार. खलीलशेठ येवल्याच्या साड्यांचे व्यापारी, त्यांना सगळीकडे खोटच दिसते. ते म्हणाले, काँग्रेस आली की पहिलं काम कुळांची कर्जं माफ. मग बँकेची वसुली काय गोदावरीतून काढायची? शिवाय गव्हर्नर आडवा यायचं वचन देत नाही तोवर काँग्रेस येतच नाही. रंगनाथराव म्हणाले, आडवा न यायचं वचन म्हणा. त्यावर अर्धा तास.

मी खळ ढवळत ऐकत होतो. चार वह्यांचं कोणाला बोललो नाही. जिभेच्या टोकावर आलं होतं.

पडद्याआड गुलजारबी शिवत होती. चौदा वर्षं झाली, माझ्या दुकानातली एकूण एक शिवण तिची आहे. नवरा गेला तेव्हापासून येते. तिच्या हातची वही दहा वर्षं उलटली तरी कण्यातून सुटत नाही. बाहेर एवढा कालवा चालतो, ती पडद्याआडून कधी चकार शब्द काढत नाही. पण ऐकते सगळं. तिचेही सहा शेअर आहेत. मीच घ्यायला लावले. व्याज नको म्हणाली होती, तर मी म्हटलं हे व्याज नव्हे, भागीदारी. तिने बांगड्या मोडून पैसे भरले.

तेच खुपतंय. माझं बुडलं तर माझं बुडलं. तिचं बुडलं तर माझ्या शब्दावर बुडलं.

शनिवार, १३ मार्च

मॅनेजरसाहेबांना सरळ विचारावं का? नको. वह्या कमी का, असं बाइंडरने विचारलं तर ऑर्डरसाठी गळ घालतोय असंच वाटणार.

म्हणून सोमाला चहा पाजला. आडून आडून विचारलं. टाक किती लागतात? टीपकागद? शाई? सोमा म्हणाला, "शाई तेवढीच लागती. उलट दोन बाटल्या जास्तीच. मलाच आणाया लागतात ना."

शाई जास्त आणि वह्या कमी! विचार करून डोकं शिणलं. मग उलगडा झाला – थकलेल्या कर्जदारांना नोटिसा लिहीत असतील. नोटिसांना वही लागत नाही, शाई लागते.

बसलं बरोबर. आणि बसलं म्हणून आणखी भीती वाटली.

शनिवार, २० मार्च

गुलजारबीला सांगितलं. दुपारी दुकानात कोणी नव्हतं. म्हटलं, गुलजारबी, शेअर विकून टाका, माझं ऐका. का ते सांगणार होतो, वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. तिने सुई कागदात टोचून ठेवली आणि म्हणाली, "बरं."

बरं! काही विचारलंच नाही. शेजारी झाडू विकत घेताना चार प्रश्न विचारतात, आणि ही बांगड्यांच्या शेअरचं नुसतं बरं म्हणाली. एवढा विश्वास! मला गहिवरून आलं. लाजही वाटली.

बुधवार, २४ मार्च

रंगनाथरावांनी घेतले. बावन्नने. घासाघीस केली पण घेतले – त्यांना काँग्रेसची खात्री आहे. मी साक्षीदार म्हणून सही केली, गुलजारबीने अंगठा दिला. नोटांच्या घड्या तिने नीट मोडून परत आपल्या पद्धतीने घातल्या.

रंगनाथरावांना सावध करायला हवं होतं का? भाव पडला तरी ते एखादी केस जास्त घेतील. तरी मनाला लागून राहिलंय.

माझे विकले नाहीत. स्वतःलाच दोन कारणं सांगितली. एक, बँकेचा बाइंडरच विकायला निघाला तर गावात बोभाटा होईल. दुसरं इथेच लिहितो, कोणाला सांगायचं नाही. मला बघायचंय. माझा तर्क खरा ठरतो की नाही, ते आत बसून बघायचंय. लहानपणी चालू घड्याळ उघडून बसायचो, त्यातलाच प्रकार. लंकाबाई – आमची ही – म्हणते, तुमची चौकशी एक दिवस घर विकेल.

शुक्रवार, २ एप्रिल

गुलजारबीने तीन दिवसांची रजा घेतली. चौदा वर्षांत पहिली! नांदगावला नणंदेकडे, जहिदाकडे जायचंय म्हणाली. काय काम ते बोलली नाही.

शनिवार, १७ एप्रिल

फळ्यावर चव्वेचाळीस!!

रंगनाथरावांचं तोंड उतरलेलं. म्हणाले, हा सगळा गव्हर्नरचा हट्ट, काँग्रेसशिवाय बसवलेलं हे असलं तात्पुरतं मंत्रिमंडळ पाहून बाजाराने हाय खाल्लीय. खलीलशेठ म्हणाले, गव्हर्नर नाही हो, कर्जमाफीची धास्ती. पुन्हा अर्धा तास. आज त्यात स्पेनची लढाईसुद्धा आली.

दुपारी सोमा खरी गोष्ट सांगून गेला. खलीलशेठनीच दहा शेअर विकले! त्याच्याजवळ म्हणाले म्हणे, बाइंडरच्या दुकानातली बाई विकती म्हणजे आत काहीतरी शिजतंय, बाइंडरला बँकेचं आतलं कळतं. मग त्यांचं पाहून आणखी तिघांनी विकले.

म्हणजे गव्हर्नर नाही, कर्जमाफी नाही, स्पेन तर नाहीच. मी! एका वाक्याने चौदा रुपये पाडले. हसावं की घाबरावं? दोन्ही केलं. गुलजारबी वाचली, हा आनंद मात्र खरा.

शनिवार, १ मे

त्रेचाळीस. बघत बसलोय.

बुधवार, ९ जून

एक विचित्र. शाळेच्या हजेरीपटाच्या कागदावर तेलाचा काळा डाग. गुलजारबीच्या हातून! माझ्या दुकानात तेल आहे कुठे? तिने पान बदललं. दिव्यात तेल घालून आली असेल. पण ते तेल काळं नसतं.

शुक्रवार, ९ जुलै

काँग्रेस मंत्रिमंडळ करणार! पेपर हातात पडायच्या आधीच बातमी गल्लीत. रंगनाथराव छत्री न घेताच आले, भिजलेले. फळ्यावर एकदम चोपन्न.

पावसाळी हवेने खळ वाळत नाही. माझ्या तर्काचंही तसंच झालंय. बँक बुडायची तर भाव चढतो कसा? चढू दे. गावाला वह्यांचं माहीत नाही.

सोमवार, १२ जुलै

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवायचंय.

सोमा बोलवायला आला. साहेबांनी हत्यारं घेऊन यायला सांगितलं होतं. गेलो. मॅनेजरसाहेबांनी टेबलावर एक जाडजूड खतावणी ठेवली, कोपऱ्याचं कातडं सुटलेलं. म्हणाले, एवढं चिकटवून द्या.

उचलली तेव्हाच हाताला वेगळी लागली. उघडली. कण्याला शिवणच नाही! दोन पितळी स्क्रू. साहेबांनी किल्लीने ते सैल करून दाखवले. पान सुटं काढता येतं, मधेच नवं घालता येतं. बंद खात्याची पानं काढून बाजूला ठेवायची, वही कधी भरतच नाही. मी एक पान काढलं, परत घातलं. पुन्हा काढलं. किती सुंदर काम! पुठ्ठ्याची धार अशी की बोट फिरवत राहावं. हे डोकं कोणाचं असेल? स्क्रूचे आटे कुठे पाडत असतील?

साहेब हसून म्हणाले, "मार्चपासून मुंबईहून हेच मागवतो. खाती एका वर्षात दीडपट झाली, बांधीव वह्यांना आवरेनात. तुमच्या त्या चार, जुन्या खात्यांपुरत्या."

खाती दीडपट. शाई दोन बाटल्या जास्त.

कातडं चिकटवलं. पैसे घेतले नाहीत, का ते कळलं नाही. भद्रकालीच्या देवळापर्यंत आलो तरी बोटांत ते स्क्रूच फिरत होते. दुकानाची पाटी पाहिली आणि मग गुलजारबीचे शेअर आठवले.

मंगळवार, १३ जुलै

लिहवत नाही. तिला विकायला लावले आणि माझे ठेवले. कोणीही याचा काय अर्थ लावील? मीसुद्धा तोच लावीन.

गुलजारबी नऊला आली. तिच्यापुढे हजेरीपटाच्या शिवायच्या शेवटच्या आठ घड्या होत्या. अकराला संपल्या. मी जुन्या पंचांगांचे कणे उसवून पुन्हा शिवायला दिले. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

सोमवार, १९ जुलै

मंत्रिमंडळाचा शपथविधी. फळ्यावर त्रेसष्ट. रंगनाथरावांनी पेढे आणले, एक पडद्याआड पाठवला. खलीलशेठनी तोंड वाकडं करून दोन खाल्ले. राजकारण कळायला अभ्यास लागतो, असं रंगनाथराव मला म्हणाले.

मी बँकेतून शेअर दुसऱ्याच्या नावावर करायचा कोरा फॉर्म आणलाय. लंकाबाईला सांगितलं. म्हणाली, उद्याच करा, परवावर टाकलंत तर तुमचा विचार बदलेल.

मंगळवार, २० जुलै

गुलजारबीपुढे फॉर्म ठेवला आणि सगळं सांगितलं. चार वह्या, शाई, स्क्रू, माझे न विकलेले शेअर. काही लपवलं नाही. हे सहा तुमचे, म्हटलं.

तिने हातातला दोरा तोडला. म्हणाली, "बँकेचं मला काय कळतंय, अण्णा? मार्चमधी चारच वह्या आल्या तवाच कळलं, आता शिवायला काय येणार नाय. तुम्ही विका म्हनला, मला बरंच झालं. जहिदाच्या गावातून शिलाईचं मशीन आणलं. मुलींची पोलकी शिवते रातची. एक तारखेपासून येणार नाय – कसं सांगावं तेच कळत नव्हतं."

तेलाचा डाग!

मी फॉर्म तिच्याकडे सरकवला. तिने तो घडी घालून माझ्या हातात परत दिला.

"राहू द्या. तुम्हालाच लागतील."