रूबेनच्या फटफटीचा उजेड

रोहा, रविवार

चि. रूबेन यास, मोझेसदादाचा शालोम आणि डोक्यावर हात. तिकडे इस्रायलात अश्दोदची हवा तुला मानवली असेल. इथे तुझी वहिनी हन्ना बरी आहे, पिठाची गिरणी बरी आहे, पट्टा तेवढा सुटतो. (व्हॉट्सअ‍ॅपवर तू निळी खूण उठवून गप्प बसतोस. पत्राला खूण नसते, म्हणून तरी वाचशील.)

तू कळवलंस की दादा, माझ्या फटफटीचा दिवा नीट करून घे आणि गाडी विकून टाक, मी काय आता परत येत नाय. यातला पहिला अर्धा भाग मी मनावर घेतला, त्याची ही हकिगत. दर शनिवारी आभाळात तीन चांदण्या दिसल्या, शब्बाथचा विसावा सुटला, की मी तुझी गाडी काढून पेणला नाओमीआत्याकडे, म्हणजे तुझ्या आईकडे, जातो. तेव्हा निघायचं ते अंधारातच. आणि दिवा असा, की रेस वाढवली तरच पेटणार! खड्डा दिसावा म्हणून जोरात जावं तर आपण खड्ड्यात. हळू करावं तर दिवा डोळे मिटतो. (आपले पूर्वज शनवारतेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे यहुदी. घाण्याचं तेल काढून त्यांनी गावोगावचे दिवे लावले, आणि वंशजाला काजवा ओव्हरटेक करून जातो.)

मग मी कानांवर गाडी हाकू लागलो. गिरणीच्या घरघरीत माणसं बहिरी होतात, माझे कान उलट तासले गेले; आत तांदूळ दळतोय की नाचणी, हे मी रस्त्यावरून सांगतो. धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट सुटलेला एक जण बाईकवरून माझ्या पुढे असायचा. त्याचा जेवणाचा डबा खडखडला की खड्डा आला समजून मी ब्रेक दाबायचा. एका शनिवारी डबा वाजायचा थांबला, म्हणून मीही थांबलो, तर मी त्याच्या अंगणात, तुळशीपुढे! त्याची बायको पडवीतून ओरडली, "अवो, ह्यो कोन मागं आनलाव?" मी सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हंजे पावना माजा नाय, डब्याचा हाय." जेवायला बसवलंच. कोलंबीचं कालवण होतं (आपल्याला खायला मनाई, वासाला कुठे मनाई आहे?), म्हणून भाकरी-लोणचं खाऊन निघालो.

हे ऐकून हन्नाने शब्बाथचा पितळी दिवा घासते तसा गाडीच्या दिव्यातला आरसा चिंच आणि राखेने घासला. मळ गेला, मळाबरोबर चकाकीही गेली, आणि खालून निघाला डालड्याचा डबा. मग गुणाजी मेकॅनिक म्हणाला, "मोठा बल्ब टाकतो शेट, चंद्र उगवंल." उगवला, आणि नागोठणं यायच्या आत होल्डर वितळून मावळला. अशी गाडी घेणार कोण? सबब विक्री रहित.

बाकी तू जाणता आहेस, असं तुझी आई म्हणते.

तुझा,
मोझेसदादा

ता. क. दिवा मागच्या आठवड्यात झाला होता. गुणाजीने नवा आरसा बसवून बॅटरीवरून थेट जाड वायर ओढली, खड्ड्यातलं पाणीसुद्धा गढूळ की नितळ ते दिसलं. पण घोटाळा असा, की गाडीचा आवाज ऐकून आत्या ओट्यावर यायची, "आलास रं रूबेन?" म्हणायची, मी अंधारात नुसतं "हूं" करायचो आणि तुझ्या वाटणीचा गव्हाच्या चिकाचा हलवा खायचो. नव्या उजेडात तिने डोळ्यांवर हात धरला, "मोझेस काय तू," म्हणाली, आणि हलव्याची वाटी आत गेली. बिस्कीट आलं. रूबेन, मला हलव्याचं नाही रे, पण तिचं तोंड पाहवेना. घरी येऊन जाड वायर काढली, जुना बल्ब आणि हन्नाने घासलेला डबा परत चढवला.

ता. ता. क. खरं काम हे. काल अंधारात आत्या म्हणाली, "रूबेन, अलिबागच्या शीराशी तुजं ठरवते. व्हय का नाय?" मी सवयीने "हूं" केलं. पोरगी चांगली आहे, पण मला एक बायको आहे. हन्नाला कळायच्या आत तू ये.

आणखी एक. पाकीट चिकटवलेलं पुन्हा फोडतो आहे. काल निघताना मी गाडीला किक मारली तेव्हा आत्या मागून हळूच म्हणाली होती, "जपून जा, मोझेस. आनि त्याला उद्याच लिव."