एर्मेकला कोणी कळवायचं

मी, बुरुलकान, ओस्मोनची मुलगी, मरहूम तुर्दुबेकची बायको, वय वर्षे अडुसष्ट, राहणार आत-बाशी, नारीन प्रांत, शुद्धीवर असताना आणि कोणी भरीस न घालता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. डॉक्टरांनी आजार माझ्या दिराला सांगितला, दिराने शेजारणीला, आणि दोघांनी मला सांगितलं, "पित्त आहे." तपासणीचा कागद मी स्वतः वाचला. पित्त नाही.

१. घर, अंगण व मागचा गोठा माझा एकुलता मुलगा एर्मेक याला. थोरले दीर साद्यक म्हणतात, कुळाचं घर कुळात राहावं. एर्मेक कुळाबाहेरचा आहे का, भाऊजी? तो कामासाठी परदेशात, नोवोसिबिर्स्कला राहतो, एवढंच.

२. तुर्दुबेकचं खोगीर साद्यक भाऊजींना. त्यांनी पूर्वी मागितलं तेव्हा मी रागाने दिलं नव्हतं. आता राग नाही. काहीच नाही.

३. गाय शेजारीण अनारकानला. लोकर कापायची मोठी कात्री मैत्रीण उउलकानला. तिची कात्री कधीच धड नव्हती, आणि माझी नेली की परत येत नव्हती.

४. लोकर लाटून केलेली चार जाजमं आहेत. ती वाटताना कोण आपलं कोणत्या नात्याचं, हे ध्यानात ठेवावं. सात पिढ्यांवर बाप एक, ते रक्ताचे. ते मयताला न बोलावता येतात आणि मटणाचा आपला वाटा ओळखतात. त्यांना एक. व्याही बोलावल्याशिवाय येत नाहीत, आले की वरच्या जागी बसतात आणि उणं काढतात. त्यांना एक, त्यातल्या त्यात नवं. शेजारी कामाला येतात; ओली लोकर लाटायला आठ जणी लागतात, त्या बाह्या सावरूनच दारात उभ्या. त्यांना एक. हिवाळ्यात आळीपाळीने एकमेकींकडे जेवणाऱ्या आम्हा मैत्रिणींना शेवटचं. त्या फक्त हसायला येतात. हे सगळे लोक चांगले आहेत. म्हणूनच पुढचं लिहावं लागतं.

५. नऊ वर्षांपूर्वी तुर्दुबेक गेले. आमच्याकडे दूरच्या माणसाला मृत्यू फोनवर सांगत नाहीत. 'जरा आजारी आहेत, ये' म्हणतात. तो आला की थोरला माणूस सगळ्यांदेखत सांगतो. रक्ताचे थांबले, कारण सांगायचा मान साद्यक भाऊजींचा. व्याह्यांना आपण सांगणं आगाऊपणाचं वाटलं. शेजारी म्हणाले, घरच्यांची गोष्ट आहे. उउलकान एर्मेकला म्हणाली, "बाबांना थोडा खोकला आहे रे." सगळीकडे अळीमिळी गुपचिळी. दुसऱ्या दिवशी त्याने मला फोन केला. "बाबांना दे." मयत रीतीप्रमाणे अंगणात उभारलेल्या गोल तंबूत होतं. मी म्हणाले, "झोपलेत."

खोकलाच आहे म्हणून तो कामाची पाळी संपवून निघाला. पाचव्या दिवशी पोचला. दफन होऊन दोन दिवस झाले होते, तंबू उतरवला होता, गवतावर गोल डाग राहिला होता. मुलाने बापासाठी लांबूनच हंबरडा फोडत यायचं असतं. हा हसत आला, हातात रक्तदाब मोजायचं यंत्र. त्याला बसवलं. चहा ओतला. त्याने तो घेतलाही. मग भाऊजी उभे राहिले आणि रीतीप्रमाणे बोलले.

एर्मेक म्हणाला, "पाच जणांशी बोललो मी. पाच!" मग माझ्याकडे वळला. "ते राहू दे. तू तर आई होतीस ना?"

तेव्हापासून आला नाही. सणाला फोन करतो. "बरी आहेस ना?" "बरी आहे." मला रडूसुद्धा येत नाही.

६. सबब माझ्या मृत्यूची बातमी एर्मेकला अनारकानने त्याच दिवशी, सरळ शब्दांत, फोनवर द्यावी.

हे कलम मी साक्षीला बसलेल्या दोघींना मोठ्याने वाचून दाखवलं, तर अनारकान म्हणाली, "मला नाही गं जमायचं, बुरुल. जीभच वळणार नाही. मी आपली म्हणेन, आईला जरा बरं नाही."

उउलकान म्हणाली, "भाऊजींना विचारून सांगू या का?"

"विचारा," मी म्हटलं. "तोवर मला पुरून या."

कलम सहा मी खोडते आहे. साक्षीदारांसमोर आत्ताच फोन लावला.

"आई? आज काय सण आहे?"

"सण नाही. मी मरतेय, एर्मेक. बर्फ वितळेपर्यंत टिकत नाही म्हणतात."

"खोकला आहे का?" असं त्याने विचारलं. त्याचा आवाज कडक होता.

"नाही. लिव्हर. कागद वाचून दाखवू?"

"दाखव."

वाचून दाखवला. "कोणाकोणाला माहीत आहे?"

"सगळ्या गावाला. तुला मी सांगतेय. त्या वेळीही मीच सांगायला हवं होतं."

मग म्हणाला, "फोन ठेवू नकोस."

ठेवलेला नाही. मला उजव्याच कानाने ऐकू येतं, म्हणून उजव्या हाताने तो कानाशी धरला आहे, त्यामुळे फोन लावल्यापासूनचं अक्षर व खालची सही डाव्या हाताची आहे. ती वेडीवाकडी असली तरी माझीच आहे, याला साक्षीदार आहेत.

(सही) बुरुलकान

साक्षीदार:
१. अनारकान, शेजारीण (सही)
२. उउलकान, मैत्रीण (सही)

स्थळ: आत-बाशी
दिनांक: ७ नोव्हेंबर २०२३