बारा म्हणजे किती

३ फेब्रुवारी
सात किलो वजन उतरलं म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट पॉझिटिव्ह. सीलिॲक, म्हणजे गव्हाने आतडं बिघडतं. ऐकून बरं वाटलं. ताईला फोन करून सांगितलं की कारण सापडलं. ती पाच महिने एकच पालुपद लावून बसली होती, बायको गेल्यापासून तू जेवतच नाहीस. त्याचा काही संबंध नाही.

९ फेब्रुवारी
कारखान्यात माझं कामच मोजमापाची उपकरणं तपासण्याचं. एका रीडिंगवर मी सही करत नाही. दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं होतं. निगेटिव्ह.

१० फेब्रुवारी, सकाळी ६
दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. आकडा दोन्हीकडे बाराच! पहिली लॅब दहाच्या वर आजार धरते, दुसरी वीसच्या वर. सरासरी पंधरा. म्हणजे मी ऐंशी टक्के आजारी.

संध्याकाळी
डॉक्टर म्हणाले, अहो, अशी सरासरी नसते काढायची, प्रत्येक लॅबची पट्टी वेगळी. मी म्हटलं, मग पट्ट्या जुळवून घ्या. ते हसले. दीड महिना रोज चार स्लाइस ब्रेड खायचा, मग पुन्हा तपासणी. पोटात गहू नसेल तर आजार रक्तात दिसत नाही म्हणे.

११ फेब्रुवारी
तक्ता करून फ्रीजवर लावला. चार खाल्ल्या. अवघड काहीच नाही.

१५ फेब्रुवारी
दोन. जेवायला चुकून दोन ताटल्या काढल्या. एक परत ठेवली. मग दुसरीही ठेवली.

२ मार्च
ब्रेडला बुरशी. आज नाइलाजाने सुट्टी. ताईने विचारलं, काय खाल्लंस? ब्रेड म्हटलं. म्हणाली, गाढवा, तुला लहानपणीही खोटं बोलता यायचं नाही.

१९ मार्च
तक्ता भरायचा राहिला. ब्रेड आणायचाही. उद्यापासून रोज आठ.

२८ मार्च
तिसरा रिपोर्ट. दोन! बारावरून दोन. निव्वळ मनोनिग्रह. ताईला कळवलं. तिने वजन विचारलं. ऑफिसचं काम आलं म्हणून फोन ठेवला. आज रविवार होता, हे नंतर लक्षात आलं.

२९ मार्च
डॉक्टरांनी आधी काट्यावर उभं केलं. आणखी तीन किलो कमी. काटा शेवटचा कधी तपासला, असं मी विचारलं. ब्रेड किती खाल्ला, असं त्यांनी विचारलं. तक्ता दाखवला. पहिले चार दिवस भरलेले आहेत. म्हणाले, या रिपोर्टला काही अर्थ नाही, आजार आहे की नाही ते यावरून कळणारच नाही. पुन्हा पहिल्यापासून. मग घरी कोण कोण असतं ते विचारलं आणि चिठ्ठी लिहून दिली. अक्षर लागेना. टॉनिक असणार. मोठी बाटली घ्यायची ठरवली.

औषधवाल्याने चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचली. जेवण, दिवसातून दोनदा, कुणाच्या तरी सोबतीने. म्हणाला, काका, हे आमच्याकडे मिळत नाही.

दुसऱ्या दुकानात विचारलं नाही.