रक्त पातळ करायची गोळी

४ नोव्हेंबर, मंगळवार
जाऊबाईले चिखलीच्या दवाखान्यात नेलं. तिले शौचाले काळं होऊन राह्यलं होतं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "झुंबरबाई, रक्त पातळ करायची गोळी आजपासून बंद. हृदयाचं दुखणं नसताना घेतली तर फायदा थोडा, आतून रक्त जायचा धोका जास्त, म्हणूनच काळं होतंय. नव्या संशोधनात तसं निघालं आहे."
मंग इतके वर्षं काऊन दिली? विचारलंच मी.
"तेव्हा चांगली वाटत होती."
घ्या.

५ नोव्हेंबर
तीच गोळी आमच्या ह्यायची. झटका आला, हृदयात स्प्रिंग टाकली, तेव्हापासून. ह्यायले तर सांगतलं होतं एक दिवस चुकवू नका. दोघायच्या पट्ट्या एकाच डब्यात. डबा मीच भरते. तिले वाईट अन् ह्यायले चांगली? डोकंच चालत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
ह्यायनं सगळा डबा उकिरड्यावर ओतला! "वहिनीले सांगतलं म्हणजे घराले सांगतलं."
मी म्हटलं, गोळी काय लुगडं हाय, एकीचं दुसरीले चालाले?
जाऊबाई ह्यायच्याच बाजूनं. "भाऊजी, विष हाय ते."
विष हाय का औषध हाय — कोणीतरी एक सांगा. हे मेले तर कोणाले विचारू?

९ नोव्हेंबर
नवीन पट्टी आणून ताटाजवळ ठेवली. हात नाही लावला. भांडलो. बोलणं बंद.

१० नोव्हेंबर, सोमवार
ह्यायले ओढतच नेलं दवाखान्यात. डॉक्टरीण बाई बरसल्या. "हिंमतराव, वहिनींचं हृदय धड आहे. तुमचं नाही. ज्याला झटका येऊन गेला त्याला ही गोळी लागतेच. कोणी सांगितलं बंद करायला?"

मंग त्या दिवशीच सांगाचं न बाई असं, मी म्हटलं. आमच्यात एकाले पथ्य सांगतलं का सारं घर पाळते.
हसल्या. मंग मलेच म्हणे, "तुमची हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली का कधी?"
मले काय झालं? मी तर कापूस वेचून आली.
तरी काढली. वायर लावून, झोपवून. पाहत राह्यल्या कागदाकडे. उद्या हृदयाची सोनोग्राफी करा म्हणे. ह्यायची का? नाही, तुमची.

११ नोव्हेंबर
मलेही येऊन गेला म्हणे झटका. कवाचाच. बायकायले कधी कधी छातीत नाही, जबड्यात दुखते.
पोळ्याच्या वक्ताले ठणकला होता जबडा. मी दाढ काढून टाकली.
दाढ चांगली होती.