न्हाणीच्या दारातला दांडा

लोहा,
पौष, मंगळवार, दुपार

प्रिय मामी,

सासूला कुणी 'प्रिय' लिहितं का, म्हणून तुम्ही हसाल. आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, पण त्याच्यापुढं एक ओळ सुचेना, म्हणून कागद बदलला. फोनवर तुमचं-माझं बोलणं होतच नाही. हरिओम भावजी स्पीकर लावून देतात, तिथं सगळं घर ऐकत बसतं, आणि तुम्ही "हाव, जेवले. बरी हाय. ठेव आता," एवढ्यात आटपता. म्हणून पत्र लिहिते आहे. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून, एकट्या बसून वाचा. मोठ्यानं वाचायची तुमची सवय मला ठाऊक आहे. हे मात्र मनातल्या मनात वाचा.

तुम्ही लातूरला गेलात त्याला आता पाचवा महिना लागला. खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं, वॉकर सुटला, नुसत्या काठीवर तुम्ही गच्चीपर्यंत जाता म्हणे. तरी येळवसला, वेळा अमावास्येला, तुम्ही आला नाहीत. थंडीनं पाय ठणकतो म्हणालात. आम्ही शेतात गेलो, कडब्याची कोप उभारली, तिच्यात पाच पांडव मांडले, भज्जी झाली, उंडे झाले. अंबिल मी केली. ती पातळ झाली, आणि सगळ्यांनी काही न बोलता पिली, त्यावरूनच मला कळलं. जेवण झाल्यावर मी ज्वारीच्या कडेला जरा आडवी झाले. ऊन कोवळं होतं, कणसांतून वारा जात होता, डोळा लागता लागता तुमची हाक ऐकू आली, "वर्षे, उठ, गार लागंल." उठून बसले तर कुणीच नव्हतं. सगळे हुरड्याकडं गेले होते. मग परवा भावजींचा फोन आला, "आई आता इकडंच राहते म्हणून राहिली." तुमच्या वैजनाथरावांना वाटलं, आईला लातूर मानवलं, नळाचं गरम पाणी मानवलं. मला तसं वाटत नाही. का वाटत नाही, तेच लिहायला बसले आहे, पण हात तिकडं वळेना. आधी दांड्याचं सांगते.

न्हाणीच्या दारातला तो दांडा मामांनी बसवला तेव्हा मी या घरात नवी होते. मामांनी तीस वर्षं एसटी चालवली. रिटायर झाल्यावर नांदेडला एका भंगाराच्या दुकानात त्यांना बसच्या दारातला स्टीलचा दांडा दिसला, तो त्यांनी पिशवीत घालून घरी आणला. तुमचे गुडघे तेव्हापासून कुरकुरायचे आणि न्हाणीचा उंबरा उंच. मामांनी चौकटीत चार स्क्रू मारले, तेही चार तऱ्हांचे, डब्यात जे सापडले ते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दांडा धरून उंबऱ्यावर पाय ठेवलात आणि "टिंग टिंग" म्हणालात. ओसरीवरून मामा ओरडले, "पुढं सरका, पुढं सरका!" मी चहा गाळत होते, हसून माझा चहा सांडला. असलं सासर असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मामा गेल्यावरही तुम्ही रोज टिंग टिंग म्हणायच्या, जरा हळू. मी शिवणाच्या मशीनवर बसून ते ऐकायची आणि मग पायडलवर पाय ठेवायची.

तुम्ही गेल्यावर दांडा तसाच राहिला. आम्ही कुणी तो धरत नव्हतो. दिवाळी झाली, शिवणाची गर्दी ओसरली, तेव्हा एका दुपारी मी मशीनच्या डब्यातला स्क्रूड्रायव्हर घेऊन उंबऱ्यावर बसले. वरचे दोन स्क्रू काढायला त्याची गरजच पडली नाही, बोटांनीच निघून आले. मी बाजारातून त्याहून जाड स्क्रू आणले आणि जोर लावून बसवले. दोन दिवस राहिले, तिसऱ्या दिवशी लाकडाचा चुरा घेऊन बाहेर. त्याहून जाड आणले. तेही तसेच. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, धागा गुंतला की मी सोडवायच्या आधी ओढते. शेवटी कंधार रोडवरच्या गुरुपादप्पा सुताराकडं गेले. देगलूरकडचा म्हातारा माणूस, रंधा चालवता चालवता बोलतो. म्हणाला, "चार स्क्रूसाठी मी येत न्हाई अक्का. आन् तुमी जाड स्क्रू घालून घालून भोक मोठं करून राहिलात. स्क्रूला धरायला आत लाकूड तर पाहिजे की." मग त्यानं एका फळकुटावर मला सगळं करून दाखवलं, बाभळीचा वाळका तुकडा दिला आणि चहाही पाजला.

भोक आधी साफ करायचं. कुजलेलं सगळं काढून टाकायचं, अगदी कोरडं, टणक लाकूड लागेपर्यंत. शेजारून ड्रिल आणलं आणि पेन्सिल जाईल एवढं भोक पाडलं. मामांच्या हातची भोकं, मोठी करायला जीव होईना, पण केली. पहिल्यांदा काळा चुरा निघाला, मग तपकिरी, आणि मग एकाएकी पिवळा भुसा आणि त्याबरोबर सागाचा वास, असा ताजा की मी ड्रिल बंद करून नुसती बसून राहिले. किनवटहून या घराच्या चौकटींसाठी लाकडाचा टेम्पो आला तेव्हा लहानग्या हरिओम भावजींना मांडीवर घेऊन तुम्ही त्या लाकडांवर बसून आला होता ना? किती वेळा सांगितलंय तुम्ही, रस्त्यात पाऊस लागला, लाकूड भिजलं, आणि आठ दिवस तुमच्या लुगड्याला हाच वास येत होता. मी तेव्हा कुठं होते? माहेरी नायगावला माझ्या आईच्या पोटातही नसेन. तरी त्या दुपारी मला तो टेम्पो दिसला, ताडपत्री दिसली, तुमचं तरणं तोंड दिसलं. किती वेळ बसले कोण जाणे, दूध उतू गेल्यावर उठले.

मग बाभळीच्या गुट्ट्या. विळीवर आणि चाकूनं तासून तासून भोकात गच्च बसतील अशा केल्या, दोन बोटं कापली. फेविकॉल लावून बत्त्यानं ठोकल्या. गुरुपादप्पानं बजावलं होतं, एक दिवस आन् एक रात हात लावायचा न्हाई. मी तासाभरातच स्क्रू फिरवला आणि गुट्टी स्क्रूबरोबर गरागरा फिरली. "तुला दम म्हणून न्हाई," हे तुमचं वाक्य मी स्वतःला तुमच्याच आवाजात ऐकवलं. सगळं उपसून पुन्हा पहिल्यापासून केलं. या वेळी न्हाणीच्या दाराला ओढणी बांधली, आणि आम्ही दोघांनीही अंगणात अंघोळी केल्या. तो एक दिवस फार लांब गेला, मामी. शिवायला कापड घेतलं आणि तसंच मांडीवर ठेवून झोप लागली. स्वप्नात तुम्ही एसटीत खिडकीपाशी बसला होता, डोक्यावर पदर, हातात पिशवी. गाडी लोह्याच्या स्टँडवर आली, मी हात केला, तुम्ही मला बघितलंत, हसलात, आणि गाडी थांबली नाही. मी मागं पळत होते, पण घाबरत नव्हते, नुसती पळत होते. जागी झाले तेव्हा कापडावर थेंब पडले होते.

दुसऱ्या दिवशी गुट्ट्या चौकटीला लागून सपाट कापल्या. त्यात आधी बारीक भोक पाडलं, स्क्रूच्या आट्यांना साबण चोळला आणि हातानं, सावकाश, एकेक आटा आत घातला. शेवटी शेवटी तो असा कचकचला की माझ्या अंगावर काटा आला. लाकूड स्क्रूला धरतं तेव्हा ते हाताला कळतं. खालचे दोन स्क्रू वरून बरे दिसत होते, तेही काढून तसेच केले. आता रोज सकाळी मी त्या दांड्याला दोन्ही हातांनी लटकते, पाय उचलून, पन्नास अंक मोजते. माझं वजन तुमच्याहून वीस किलो जास्त आहे, हे तुम्हीच चारचौघीत सांगत असता. दांडा केसभरही हलत नाही. यांनी एकदा बघितलं आणि विचारलं, "वेड लागलंय का गं?" मी म्हटलं, व्यायाम करते. तो माझ्या खोट्यातला शेवटचा तुकडा होता.

आता ते लिहिते. महालक्ष्म्यांच्या आधी माझ्याकडं तेवीस ब्लाउज होते. "वर्षे, दांडा हालून राहिला, सुताराला सांग," असं तुम्ही मला दोनदा सांगितलंत, दोनदा मी हाव म्हटलं. तिसऱ्यांदा सांगितलंत तेव्हा मला राग आला. उठले, काडेपेटीतल्या काड्यांची गुलं मोडली, त्या नुसत्या, कोरड्या भोकात कोंबल्या, वर स्क्रू फिरवला आणि म्हणाले, "झालं मामी, आता हत्ती लटकू द्या." तुम्ही विश्वास ठेवलात. आठव्या दिवशी मी तो आवाज ऐकला. आले तेव्हा तुम्ही आत फरशीवर होता, दांडा वरून सुटून खालच्या स्क्रूंवर लोंबत होता, ओल्या फरशीवर काड्या पसरल्या होत्या. मी आधी तुम्हाला उचललं नाही, मामी. अंगणात यांच्या चपला वाजल्या आणि मी आधी दांडा सरळ केला. अंगठ्यानं दाबून स्क्रू आत घातले. काड्या पायानं मोरीत लोटल्या. मग तुमच्याजवळ बसले आणि हे दारात आल्यावर विचारलं, "मामी, साबणावरून पाय घसरला का?" तुमचे डोळे पूर्ण वेळ उघडे होते. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "हाव, पायच घसरला." पुढं लातूरला दवाखान्यात मी तुम्हाला भरवत होते, तेव्हा तुम्ही माझा अंगठा हातात घेतलात. स्क्रू दाबल्याचा फोड वाळून काळा पडला होता. तुम्ही त्यावरून बोट फिरवलंत आणि विचारलंत, "तू जेवलीस का?" मी तेव्हाही काही बोलले नाही. मला लाज वाटते, मामी. रोज वाटते.

दांडा पक्का झाल्यावर मला वाटलं होतं, आता सांगायची गरज नाही, तुम्ही याल, धराल आणि झालं. मग भावजींचा परवाचा फोन आला, आणि रात्रभर विचार करून माझ्या डोक्यात उजेड पडला. तुम्हाला त्या दाराची भीती वाटते. पण ती कुणाला म्हणणार? पाय तर साबणावरून घसरला होता. दांड्याला भिते म्हणालात तर का भिते ते सांगावं लागेल, आणि मी उघडी पडेन. म्हणून थंडीचं नाव, पायाचं नाव, लातूरचं नाव. मला वाचवायला तुम्ही बोललेल्या एका वाक्यानं तुमचंच घर तुम्हाला बंद झालं आहे. म्हणून काल संध्याकाळी मी यांना सगळं सांगितलं, काड्यांपासून अंगठ्यापर्यंत. ते उठून न्हाणीच्या दारात गेले, दांडा हलवून बघितला. मग एवढंच विचारलं, "आईला माहीत हाय?" मी म्हटलं, हाव. तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत, आज डबाही न घेता शाळेवर गेले. बोलतील तेव्हा बोलतील. भावजींना मी आज रात्री स्वतः फोन करणार आहे, हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा त्यांनाही कळलेलं असेल. आता तुम्हाला कुणाचं काही झाकायचं नाही. सगळ्यांसमोर म्हणा, मला त्या दाराची भीती वाटते, माझ्या सुनेनं मला फसवलं. शिव्या द्या, तुमच्याकडं पुष्कळ आहेत. मग यावंसं वाटलं तर मी न्यायला येते, नाही वाटलं तर तुमच्याजवळ चार दिवस राहायला येते. पण कुणी विचारलं तर पुन्हा ते वाक्य म्हणू नका. तुमचा पाय घसरला नव्हता, मामी.

तुमचीच,
वर्षाराणी